रक्ताची फॅट आणि सोबतचं माणूस

मु. पो. आपलंच गाव (विसरली नसशील तर),
ता. वडवणी, जि. बीड.
फाल्गुन वद्य पंचमी. (म्हणजे रंगपंचमी. पण टँकर चौथ्या दिवशी येतो, त्यामुळं औंदा गाव कोरडंच रंगलं.)

गंगा भागीरथी छबुबाई हिला गंगा भागीरथी बायनाबाईचा आशीर्वाद. (तुझ्या नावामागं सौ. लिहायची माझी लई इच्छा, पण ती सोय आपल्या दोघींची एकाच दिवशी, एकाच घटकेला गेली. त्यात तरी मालकानं दुजाभाव केला न्हाई.)

पत्रास कारण की, इकडं सगळं ठीक हाय, म्हणजे तुला काळजी करायला सोयीचं पडंल असं काही न्हाई. तुझा गुडघा कसा हाय? तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट चालू झाली का अजून तू चौथ्या मजल्यावरच कैद हायस? शहादेवला, सुनबाईला आन लेकरांला थोरल्या आजीचा आशीर्वाद सांग. लेकरं कोण थोरली आजी म्हणून विचारतील, तर ती भांडणारी म्हण, म्हणजे ओळख पटंल. आता फोन सोडून पत्र कावून, असं तुझ्या मनात आलं असंल. तर तुझा फोन सुनबाई मोठ्या आवाजावर लावून ओट्यावर ठेवती, आन मी इकडून जीव तोडून काही सांगितलं की तिकडून कुकरची शिट्टी उत्तर देती. मागल्या खेपेला मी अर्धा घंटा बोलले, आन शेवटाला कळलं की तू अंघोळीला गेलतीस. पत्राचं तसं न्हाई. पत्र ऐकणाऱ्याची वाट बघत बसतं, त्याला दुसरा धंदा नसतो. शिवाय तू चौथी पास आन मी तिसरी नापास, हे तू जन्मभर गावाला ऐकवलंस. तर घे आता, वाच.

कागद ओळखलास का? आपल्या महिला दूध संस्थेची इतिवृत्ताची वही हाय ही. म्हशी चारा छावणीत गेल्या, छावणीतून बाजारात गेल्या, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं, आन वही तेवढी माझ्या पत्र्याच्या पेटीत राहिली. मागली पानं कोरीच हायत. पुढली पानं मालकाच्या अक्षरातली. तुला आठवतंय ना, संस्था बायांचीच पायजे असा वरून हुकूम आला, तर मालकानं मला चेअरमन केलं आन तुला व्हाइस चेअरमन. गावात लोक म्हणले, सुंदररावानं दोन बायका केल्या त्याचा आज पहिल्यांदा उपयोग झाला. बाकीच्या संचालक बाया रोजानं जायच्या, मिटिंगला आपण दोघीच, चुलीपुढं. मालक म्हणायचे, दोघी बसल्या की कोरम झाला म्हणायचा, एकटीचा होत न्हाई. परवा बारावं पान उघडलं तर लिहिलंय, सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली. त्याच सभेत तू मला लाटणं फेकून मारलंतंस आन मी तुझ्या मळलेल्या पिठात रॉकेल ओतलंतं. खेळीमेळी कशाला म्हणतात ते मला बारावं पान वाचून कळलं.

असो. तर आता माझ्या तब्येतीचं. मला दोन रोग हायत, एक बीपी आन दुसरी साखर. (सहकारी कारखान्याचं धुराडं चार वर्षं बंद हाय, तालुक्यात साखर निघती ती माझ्या एकटीच्याच अंगातून. तिला भाव मात्र कोणी देत न्हाई.) ह्या दोन रोगांपायी रोजच्या तीन गोळ्या, दोन सकाळी, एक रातच्याला. वडवणीला स्टँडपाशी चाँदभाईचं औषधाचं दुकान हाय, तिथून आणायच्या. माणूस गोड हाय, मला अम्मा म्हणतो, पण गोळी कडू ती कडूच, आन भाव तर विचारूच नको. निराधारचा पगार येतो तीन महिन्यांनी एकदा, गोळी लागती रोज. रोग काही पगाराची वाट बघत न्हाई. आधी मी गोळ्यांला उपास धरायला लावला. एकादशी, चतुर्थी, सोमवार ह्या दिवशी गोळी न्हाई. त्यानं भागंना, मंग डोकं चालवलं आन मालकाचा पितळी अडकित्ता काढला (माती झाल्यावर हरवला म्हणून मी तुला सांगितलंतं तोच), आन गोळ्या मधोमध कातरायला लागले. अर्धी आज, अर्धी उद्या. खांडं कशात ठेवणार, तर चंचीत, सुपारीच्या शेजारच्या कप्प्यात. आता पहाटंच्या अंधारात कप्पे कुठं दिसतात? कधी सुपारी गोळी म्हणून गिळली, कधी गोळी सुपारी म्हणून चघळली. ज्या दिवशी तोंड कडू झालं त्या दिवशी समजायचं, आज औषध बरोबर लागू पडलं.

ह्या असल्या कारभारात सरकारच्या विमा कार्डाचा कॅम्प गावात आला. म्हाताऱ्या माणसांला दवाखाना फुकट, लाखांनी. मी पहिल्या नंबरला जाऊन बसले. तर मशीनवर बोट ठेवा म्हणला पोरगा. ठेवलं. मशीन म्हणलं न्हाई. दुसरं ठेवलं, दाही ठेवली. चाळीस वर्षं म्हशी पिळून माझ्या बोटावर रेघ उरलीच न्हाई. मशीनचं म्हणणं पडलं की अशी कोणी बाई नाहीच. मी म्हणलं, बाबा, मला बी लई दिवसापासून तसंच वाटतंय, पण तुझ्यापुढं बसलंय कोण मंग? शेवटी डोळ्याचा फोटो घेतला तवा कुठं मी हाय असं ठरलं. आन एक गंमत ऐक. रेशनकार्डावर मालकाच्या माघारी थोरली म्हणून मी कुटुंबप्रमुख झालेय, माझ्या खाली तुझं नाव अजून हाय. नात्याच्या घरात लिहिलंय, इतर. एवढी वर्षं एका चुलीवर काढली आन सरकारदरबारी तू माझी इतर. मी म्हणलं असू दे, सवतीपेक्षा बरं.

कार्ड पदराला बांधून मी तशीच चाँदभाईच्या दुकानात. म्हणलं, घे रे हे, आन सहा महिन्याच्या गोळ्या बांध, आख्ख्या दे, आता कातरायच्या न्हाईत. त्यानं कार्ड उलटंपालटं केलं, कपाळाला लावलं, आन माझ्या हातात परत दिलं.

"अम्मा, कार्ड तो बढिया हाय. पर हे भरती होनेवाल्याचं हाय. तुम्ही दवाखान्यात भरती झालात, ऑपरेशन झालं, तर सब फुकट. ह्या रोजच्या गोळ्यांला न्हाई चालत."

"म्हणजे गोळी न घेता मी भुईला पडले, तर सरकार खर्च करणार. आन पडू नये म्हणून गोळी घेतली, तर मी करायचा?"

"अब मैं क्या बोलू, अम्मा. मी काय सरकार हाय?"

"तू न्हाईस, पण गल्ला तुझा हाय," म्हणलं, आन त्याच्या फळीवर बसून त्याचाच चहा पिले. चहा पिता पिता मला उजेड पडला. कार्ड भरतीवर चालतं ना? मंग भरती व्हायचं. चार दिवस खाटंवर पडायचं, गोळ्या फुकट, जेवण फुकट, वरून पंखा. आन शेजारच्या खाटंवर कोणीतरी असतंच. (ते काही मी मोठं धरलं न्हाई, पण असतं.)

आता भरती करून घ्यायचं तर बीपी वर दिसलं पायजे. इथं मला संस्थेचा अनुभव कामाला आला. तुला आठवत असंल, दुधाला फॅट लागली न्हाई की भाव पडायचा, म्हणून संघाचा तपासणीवाला यायच्या आदल्या दोन दिवशी आपण म्हशीला सरकी चारायचो. तिसऱ्या दिवशी मशीनवर फॅट अशी लागायची की तपासणीवाला म्हशीचं नाव विचारायचा. मी म्हणलं, रक्त काय आन दूध काय, अंगातूनच निघतं. दोन दिवस स्वतःला सरकी घातली. सरकी म्हणजे खाराची मिरची, लोणचं, पापड, ठेचा, वरून मिठाचा खडा. घसा जळत होता आन पाण्याचा रांजण तळाला गेलता, तरी सोडलं न्हाई. आन गोळीची अर्धी खांडं बी बंद.

तिसऱ्या दिवशी पहाटंच्या यष्टीनं बीडला गेले. पंच्याहत्तरीच्या वर तिकीट न्हाई, एवढं एक म्हातारपण फायद्यात हाय. दवाखान्यात (कोणत्या ते लिहीत न्हाई, उगी नाव कशाला) केसपेपरची ही रांग. खिडकीतल्या बाईनं नाव विचारलं, वय विचारलं, आन मंग विचारलं, सोबत कोण आहे? मी म्हणलं, पिशवी हाय. ती हसली न्हाई. पुढल्या खिडकीत तेच. सोबत कोण? म्हणलं, छत्री. वजन करणाऱ्या पोरीनं बी तेच विचारलं, जणू मी नवरी हाय आन करवली घरी विसरून आले. माझ्यापुढं रांगेत रहेमतबी म्हणून एक जख्ख म्हातारी होती, तिकडं बाजारात केळी विकती. तिच्यासंगं नातू, नातसून आन डब्बा. मला म्हणती कशी, "अगं तेरे साथ कोई नहीं क्या? मंग तुला कळणार कसं, आत काय बोलले ते? माझं तर सगळं हा ऐकतो, मैं तो सिर्फ जुबान दाखवते." तिनं मला एक केळ दिलं. साखरवाल्या बाईला केळ! पण दिलं म्हणून खाल्लं.

माझा नंबर यायला दोन घंटे होते. नुसत्या लोणच्यावर भरवसा ठेवणं मला बरं वाटंना, म्हणून बाकावर बसल्या बसल्या आणिक एक पक्का उपाय केला. तुझी आठवण काढली. रागवू नको, पण तुझ्या नावानं माझं डोकं जसं तापायचं तसं चुलीवर तवा तापला न्हाई कधी. पस्तीस वर्षांचा अनुभव हाय. पहिल्यापासून सुरुवात केली. तू नवरी होऊन आलीस आन पहिल्याच दिवशी माझ्या पाटावर बसलीस, ते आठवलं. हां, म्हणलं, लागली बघ फॅट. पण मंग पुढलं बी आठवलं, की त्या पाटाचा एक खिळा वर आलता, आन तू रातभर कुल्ह्याला हळद लावून कण्हत होतीस, आन हळद मीच वाटून दिलती. ते सोडून चंद्री म्हैस काढली. चंद्री माझ्या बापानं दिली, धार तू काढायचीस, आन गावात सांगायचीस की ती तुझ्याच हाताला पान्हवती. खरं म्हणजे पान्हवायची बी. छावणीत ती तुझा हात न्हाई म्हणून चार दिवस आटली होती, हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं. आता सांगते, चंद्री बाजारात गेल्यावर. शेवटी लाटणं काढलं. लाटण्यावर माझा लई भरवसा होता. पण लाटण्यासंगं ते बारावं पान आलं, आन मालक चष्मा नाकावर घेऊन खेळीमेळीच्या असं लिहितायत, आन तू पीठ घेऊन उकिरड्याकडं पळतीयस, आन मला बाई एवढं हसू आलं की रहेमतबीचा नातू नर्सला म्हणला, ह्या आजीला आधी आत घ्या.

आत एक डॉक्टरीण होती, एवढीशी, आपल्या लेकीच्या, अंजनाच्या, थोरल्या पोरीएवढी. दंडाला पट्टा बांधला, फुस फुस केलं, बघितलं. परत केलं, परत बघितलं. मी डोळे मिटून लाटणं, लाटणं असं म्हणत होते.

"छान आहे की आजी बीपी. अगदी तरण्या बाईसारखं."

"नीट बघ माय. तुझं मशीन बिघडलं असंल."

"मशीन चांगलं आहे. कशानं इतकं शांत झालात तुम्ही?"

आता काय सांगणार तिला? लई नुकसान केलंस छबू तू माझं. उभ्या जन्मात कामाला आली न्हाईस, आन बीपी वर चढवायला म्हणून एकदा बोलावलं, तर तिथं बी उलटलीस.

भरती व्हायचं तर मी सोडलं नव्हतं. म्हणलं, चक्कर येती, छातीत धडधडतं, चार दिवस ठेवून घे. ती म्हणली, रोजच्या गोळ्या दाखवा. मी चंची उघडली. तिनं एक खांड उचललं, उजेडाकडं धरलं, आन विचारलं, ही गोळी आहे का सुपारी? मी म्हणलं, ते खाल्ल्याबिगर सांगता येत न्हाई. मंग पोरीचा चेहरा पडला. तिनं बोटातून रक्ताचा थेंब काढला. साखर अशी निघाली की तिनं तो आकडा मला सांगितलाच न्हाई, नुसता कागदावर लिहून त्याला दोन गोल काढले. मंग जी बोलली ती बोलली. आज बीपी बरोबर आलं म्हणजे रोज बरोबर असतं असं न्हाई. गोळ्या कातरून डोळे जातात, किडन्या जातात, एक दिवस माणूस सकाळी उठतच न्हाई. मी म्हणलं, न उठायची मला भीती न्हाई, उठून बी इथं कोण माझी वाट बघतंय. तर माझ्यावर खेकसली. तिचा राग मला आवडला. लई दिवसांत कोणी असं हक्कानं खेकसलं नव्हतं.

मंग तिनंच सांगितलं ते ऐक. कार्ड भरतीसाठी हाय, पण म्हाताऱ्या माणसांच्या बीपी-साखरेच्या गोळ्या त्याच दवाखान्यात चौदा नंबरच्या खिडकीवर फुकट मिळतात. एखादी नसली तर बाजूच्या स्वस्तातल्या दुकानात चार पट कमी भावानं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? म्हणती. कोण सांगणार? घरात मी आन भिंत, आन भिंत अडाणी. मला आधी भरवसाच बसंना, फुकटातली गोळी ती कसली, साधं पाकीट, नाव ना गाव. ती म्हणली, औषध तेच आहे आजी, फक्त वरचं नाव महाग असतं. आन माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अगं, आपलंच दूध! आपण कॅनीनं घालायचो तवा ते नुसतं दूध होतं. तेच पुण्याला जाऊन छापील पिशवीत बसलं की दुप्पट भाव, आन तू आता तिथं तेच पिशवीतलं पितीस आन म्हणतीस, गावाकडच्या दुधाची चव न्हाई. एवढी वर्षं मी पिशवीची गोळी खाल्ली, बाई. परवा चाँदभाईला जाऊन बोलले, तर म्हणतो, "अम्मा, बिननावाची माझ्याकडं बी हाय. डॉक्टर लिहितो ते मी देतो, तुम्ही कधी पुछाच नहीं." पुछा नहीं! विचारायला आधी ठाऊक तर पायजे.

चौदा नंबरला गेले. तिथं एक क्लार्क, नाव धुळाजी, मिशी मोठी, बोलणं मऊ. त्यानं सगळं बघितलं आन म्हणला, तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतो आजी, पण म्हाताऱ्या माणसाला एकदम द्यायच्या तर घरचं एक माणूस पायजे. गोळ्या वेळेवर घेतात का, ते आम्ही त्याला फोनवर विचारतो. नाहीतर दर आठवड्याला तुम्हीच या. आता उन्हाळा तोंडावर, पहाटंची यष्टी, दिवसभराची रांग, आन माझे पाय. दर आठवड्याला कसं येणार मी? म्हणजे सोबत कोण, हे भूत चौदा नंबरला बी माझ्याआधी येऊन बसलंतं. पिशवी आन छत्री तिथं चालंना. अंजना कोयत्यावर, ऊस तोडायला कर्नाटकात, फडात तिच्या फोनला रेंज न्हाई. धाकटी सासरी नांदती का भांडती तेच कळत न्हाई. शहादेव मिटिंगमध्ये असतो (आपल्या मिटिंगसारखी नसंल, लाटणं नसंल). मंग मी तुझा नंबर सांगितला. धुळाजीनं विचारलं, कागदावर लिहून आणलाय का? म्हणलं, पाठ हाय. कावून पाठ हाय ते तू विचारू नको.

"नातं काय, आजी?"

"सवत."

त्यानं पेन खाली ठेवला. फारमात नात्यांची यादी छापलेली हाय म्हणला, मुलगा, मुलगी, सून, भाऊ, बहीण. सवत न्हाई. मी म्हणलं, इतर लिही, रेशनवर तसंच हाय. तर म्हणला, इतर चालत नाही, जवळचंच पाहिजे. मागं रांग बोंबलत होती. मी म्हणलं, मंग तुझ्या मनानं लिही बाबा, जे जवळचं असंल ते. त्यानं माझ्याकडं बघितलं आन लिहिलं, बहीण. रांगेत कुठं भांडत बसायचं?

मंग त्यानं तिथल्या तिथं तुला फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला न्हाई. परत लावला. तो म्हणला, बहीण कामात असंल. मी म्हणलं, अंघोळीला गेली असंल, तिची ती वेळ कायमचीच. त्यानं पंधरा दिवसाच्या गोळ्या दिल्या आन सांगितलं, ह्या संपायच्या आधीच्या सोमवारी परत फोन करीन, बहिणीनं हो म्हणलं की तीन महिन्यांच्या घेऊन जा. त्या गोळ्या घेऊन मी संध्याकाळच्या यष्टीनं घरी आले. आख्ख्या घेतीय. आख्खी गोळी गिळताना घशात अडकती, सवय न्हाई राहिली आख्ख्याची.

तर अशी सगळी हकीकत. मला काही लागत न्हाई, तुझ्याकडून तर काहीच न्हाई. सहज आठवण आली, वही हाताला लागली, म्हणून लिहिलं. तू तुझ्या संसारात सुखी राहा, इकडची काळजी करू नको, करायची सवय नव्हतीच तुला. लेकरांचे पापे घे, ती घेऊ देत असतील तर. सुनबाईला म्हणावं, कुकर जरा उशिरा लावत जा.

तुझी,
(इथं काय लिहावं ते सुचंना म्हणून घर कोरंच सोडलंय. तूच भर.)
बायनाबाई

ता. क. धुळाजीचा फोन येत्या सोमवारी येणार हाय, दहा ते अकरा. त्या टायमाला अंघोळ करू नको. फोन ओट्यावरून उचल, हातात घेऊन बस. अनोळखी नंबर म्हणून कापशील तर तुझी गाठ माझ्याशी हाय. तो विचारंल, बायनाबाईची बहीण का? तू फक्त हो म्हण. लांबण लावू नको, आपलं सगळं रामायण सांगत बसू नको. माझ्याकडं सहा दिवसाच्याच गोळ्या उरल्यात.

ता. क. दुसरी. तो असं बी विचारंल, आजी रोज गोळ्या घेतात का? त्याला तू खोटं सांगावंस असं मी म्हणणार न्हाई, खोटं बोललं की तुझा आवाज चिरकतो, मला ठाऊक हाय. त्यापेक्षा तू रोज सकाळी विचार, म्हणजे खरंच होईल. बोलायचं न्हाई, मला वेळ नसतो. सात वाजता नुसता मिस कॉल दे. मी गोळी घेतलेली असंल तर कट करीन. उचलला, तर समज भांडायचं हाय, अर्धा घंटा काढून ठेव. वहीत तसा ठराव लिहिलाय, सूचक मी, अनुमोदक म्हणून तुझं नाव घातलंय. सही करून पान परत धाड. एकटीचा कोरम होत न्हाई, मालक गेले म्हणून नियम बदलत न्हाई.

ता. क. तिसरी, आन शेवटली. अडकित्त्यावरून तू आता चिडली असशील. चीड, तुझं तरी बीपी वाढू दे. पोस्टानं मी धाडणार न्हाई, पायजे तर येऊन घेऊन जा. आन एक. सात वाजता मिस कॉल दिलास, आन मी कट बी केला न्हाई, उचलला बी न्हाई, तर घाबरी होऊ नको. नऊला एकदा परत दे, म्हातारं माणूस कधी झोपतं. तवा बी काही झालं न्हाई, तर शहादेवला म्हणावं गाडी काढ. सावकाश या, घाट वाईट हाय. दार मी नुसतं लोटून ठेवत असते. देवळीत डाव्या हाताला चंचीखाली अडकित्ता हाय. तो तुझाच हाय.

सोमवारी फोन उचल.